एकूण स्पर्धक : एक

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे, ज्या वेळी मी सणस मैदानाबाहेर पळणाऱ्यांच्या गर्दीत असायला हवं होतं, त्या वेळी नारायण पेठेतल्या माझ्या छापखान्यात बसून मी मार्च महिन्याचे दिवस मोजत होतो. तीस भरत होते. परत मोजले. तीसच.

एका पतपेढीची दोन हजार कॅलेंडरं होती. प्रूफ मी तपासलेलं, खाली सही माझी. शनिवारी संध्याकाळी गठ्ठे बांधताना आमच्या मशीनमनने शांतपणे विचारलं, "मालक, यंदा एकतीस मार्च नाहीये का?" पतपेढीच्या कॅलेंडरात एकतीस मार्च नाही! लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव विसरावं तसंच हे. सोमवारी सकाळी त्यांचं वाटप होतं. नवी प्लेट, परत छपाई, शाई वाळेपर्यंत थांबणं, मग प्रत्येक कॅलेंडरची वरची पत्र्याची पट्टी काढून पान बदलणं. रविवारचे सात वाजले. माझा स्पर्धेचा नंबर टेबलाच्या खणात चार सेफ्टी पिनांसकट पडून होता.

शाळेच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की जाता आलं नाही. पाच महिन्यांची मेहनत पाण्यात गेलेल्या माणसाला लोक काय म्हणतात? 'अरेरे' म्हणतात, 'पुढच्या वर्षी' म्हणतात. आमच्या सीएचं उत्तर आलं : "३१ मार्च हरवणारा माणूस ४२ किलोमीटर कसे मोजणार होता, हा प्रश्न मला जुलैपासून होता."

हे सगळं सुरू झालं तेही अशाच एका वाक्यावरून. जुलैमध्ये शाळेतले आम्ही पाचजण जेवायला भेटलो होतो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालची. शाळेत असताना रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही पळणाऱ्यांना टाळ्या वाजवलेल्या, तो विषय निघाला. मी म्हणालो, एकदा पळायचं राहूनच गेलं. त्यावर डब्या म्हणाला, "तू आधी दांडेकर पुलापर्यंत पळून दाखव." डब्या म्हणजे शाळेत सगळ्यांचे डबे खाणारा, आता स्वतःच डबे पुरवायचा व्यवसाय करतो. पैज वगैरे लागली नाही. लागली असती तर पैसे देऊन सुटलो असतो. वय सत्तेचाळीस, वजन चौऱ्याऐंशी, दिवसाचे दहा तास मशीनशेजारी उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी सारसबागेपासून निघालो आणि दांडेकर पुलाच्या बराच अलीकडे थांबलो. कुणाला सांगितलं नाही.

सांगितलं फक्त डॉक्टरला. आमची डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पण वर्गातली एकमेव डॉक्टर असल्यामुळे सगळ्यांचे गुडघे, पित्त आणि सासऱ्यांची शुगर तिच्याकडेच जाते. ती म्हणाली, "आधी रक्त तपास, मग ट्रेडमिलवरची टेस्ट कर. हृदयवाल्याचा रिपोर्ट आल्याशिवाय धावलास तर मी ओळख दाखवणार नाही." रिपोर्ट नीट आला. मग तिने एकच नियम दिला : पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त आहे, कमी कर. नवशिक्याच्या गळ्यात हा नियम उतरत नाही. आपल्याला वाटतं, घाम आणि धाप म्हणजेच व्यायाम. मी तळजाईच्या रस्त्यावर पहाटे स्वतःशी मोठ्याने गेल्या आठवड्याच्या उधाऱ्या म्हणत पळायचो. फिरायला येणारी आजोबामंडळी वाट सोडून उभी राहायची.

सीएने तक्ता केला. आठवड्यात चार दिवस पळणं, त्यात रविवारी लांब. दर आठवड्याला थोडंच वाढवायचं, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. तो स्वतः जिना चढायला लिफ्ट शोधणारा. पण रोज रात्री आकडे मागायचा. एकदा मी सहाचे आठ सांगितले. त्याने वेळ विचारली, भागाकार केला आणि लिहिलं, "खोटी बिलं चालणार नाहीत."

मॅरेथॉन पळणाऱ्यांना तिसाव्या किलोमीटरच्या पुढे काय होतं, हेही त्यानेच मला समजेल अशा भाषेत सांगितलं. शास्त्र डॉक्टरचं, हिशेब त्याचा. शरीरात, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात, साठवलेली साखर असते. तिच्यातून साधारण दोन हजार कॅलरी मिळतात. पळायला ढोबळमानाने दर किलोला दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. तोवर माझं वजन अठ्ठ्याहत्तरवर आलेलं. "अठ्ठ्याहत्तर गुणिले बेचाळीस, सव्वातीन हजारांच्या वर खर्च. खात्यात दोन हजार. चरबीची मुदतठेव आहे, भरपूर आहे, पण ती मोडायला वेळ लागतो. सावकाश पळालास तर ठेवीतून जास्त निघेल, चालू खातं पुरेल. आणि वाटेत थोडी थोडी रोकड भरत राहायची." रोकड म्हणजे खजूर, गुळाचा खडा, मीठ लावलेला उकडलेला बटाटा.

नोव्हेंबरच्या मध्यात बत्तीस किलोमीटर पळून झाले. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं, मग शहाणपण येऊन एक नंबर मोठे बूट घेतले. शर्ट घासून छातीवर रक्त आलं, तेव्हापासून तिथे डॉक्टरांची कागदी चिकटपट्टी लावायला लागलो. मांड्यांना व्हॅसलीन. या गोष्टी तक्त्यात नसतात.

आणि मग ३१ मार्च.

त्या रविवारी दुपारी मी झोपलो होतो तेव्हा चौघं छापखान्यात जमले, असं मला नंतर कळलं. संध्याकाळी मास्तरचा फोन आला. मास्तर गणित शिकवतो आणि सगळीकडे सायकलने जातो. म्हणाला, "संक्रांतीच्या आधीचा रविवार मोकळा ठेव. तुझी वेगळी मॅरेथॉन भरवतोय. स्पर्धक एकच आहे, त्यामुळे नंबर येण्याची शक्यता चांगली आहे." पुढे म्हणाला, "तेवढ्यात जास्त खाऊ नकोस."

मार्ग त्याने सायकलचं मीटर लावून मोजला. सणस मैदानाच्या फाटकापासून निघायचं, कारण सुरुवात तिथूनच करायची होती. दांडेकर पूल, राजाराम पूल, विठ्ठलवाडी, वडगाव, धायरी फाटा, नांदेड सिटी, किरकटवाडी, खडकवासला, धरणावरून पुढे डोणज्याकडे. अर्धं अंतर भरेल तिथे खडूने रेघ मारून परत. रेघेची जागा तीनदा बदलली, कारण त्याला शेवटचे १९५ मीटरही हवे होते. सीए वैतागला, "बेचाळीस म्हणजे बेचाळीस. हा अपूर्णांक कुणी घुसवला?" १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून मैदानातल्या राजघराण्याच्या सज्जासमोर संपवली, तेव्हा हे अंतर भरलं, आणि १९२१ मध्ये तेच कायम झालं. म्हणजे राजाराणींच्या सोयीसाठी आख्ख्या जगाचे पाय दुखतात. मास्तर म्हणाला, "आपल्याकडेही शेवटी सारसबागेचा गणपतीच बघतोय, तेव्हा चालेल."

त्या रविवारी पहाटे साडेतीनला फाटकाशी पोचलो तेव्हा कानटोप्या घातलेले चार आणि आमचा मशीनमन पाचवा. माझ्या हातात नंबर दिला. माझ्याच छापखान्यात, माझ्याच जाड आर्ट कार्डवर, मला न सांगता छापलेला. समोर मोठा एक आकडा. मागे बारीक अक्षरात : 'हा मनुष्य चालताना आढळल्यास ओरडावे.' कागद माझा, शाई माझी, बिल अजून कुणी दिलेलं नाही.

डब्याच्या स्कूटरवर मागे डॉक्टर, मांडीवर पिशवी. पिशवीत बाटल्या. साध्या पाण्याच्या दोनच, बाकी मीठ-साखरेच्या : लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस गरगरून पडतो, म्हणून पाण्याच्या बाटल्या तिने स्वतःच्या ताब्यात ठेवल्या होत्या. मास्तर सायकलवर, दिवा लावून. सीए गाडीत, कारण त्याला थंडी वाजते. तो पुढे जाऊन दर पाच किलोमीटरला उभा राहणार आणि वहीत वेळ लिहिणार.

पहिल्या दहा किलोमीटरबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. अंधार, थंडी, रिकामा सिंहगड रोड. हा रस्ता रिकामा बघायचा असेल तर मॅरेथॉन पळण्याशिवाय उपाय नाही. वडगावला कुत्री अंगावर आली. डब्याकडे त्यासाठी पारले-जीचा पुडा होता, त्याने आठ-दहा बिस्किटं फेकली. कुत्री शांत झाली. पण मग त्यांच्या दृष्टीने स्कूटर ही फिरती बेकरी झाली आणि ती धायरी फाट्याच्या पुढेपर्यंत आमच्याबरोबर आली. त्या टप्प्यात स्पर्धक पाच होते, आणि मी पाचवा.

धरणाशी पोचलो तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. छोटा चढ आहे तिथे. चढ संपल्यावर उजव्या हाताला पाण्याचा गार वारा एकदम अंगावर येतो. चौपाटीवरच्या कणसाच्या गाड्या झाकलेल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे हे धरणही टिकलं नाही. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, त्यात नारायण पेठेतला आमच्या आजोबांचा छापखानाही होता. खिळ्यांच्या पेट्या चिखलाने भरल्या. आजी सांगायची, कितीतरी दिवस घरातले सगळे परातीत पाणी घेऊन एकेक शिशाचं अक्षर धूत बसले होते. क आणि फ वेगळे करायला तिला तेव्हाच शिकवलं गेलं. आजवर मी इथे शंभरदा आलो असेन, भजी खाऊन गेलो असेन. पण छापखान्यापासून इथवर स्वतःच्या पायांनी कधी आलो नव्हतो. ते पाणी केवढं अंतर गेलं, हे त्या दिवशी पोटऱ्यांना कळलं.

खडूच्या रेघेला वळसा घातला तेव्हा पूर्वेला फटफटत होतं. अडीच तास आणि वर काही मिनिटं. मी खूश होतो, गप्पा मारत होतो. डब्याने बायकोने केलेली तिळाची वडी दिली. संक्रांत तोंडावर, तीळ-गूळ म्हणजे उत्तम रोकड, असं सगळ्यांनाच वाटलं. ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कोरड्या तोंडाने पळत पळत तिळाची वडी खाऊन बघावी. पुढचे सहा किलोमीटर माझी जीभ एका दाढेतल्या तिळाशी भांडत होती. गूळ नुसताच बरा.

उजाडल्यावर समोरून सिंहगडला जाणाऱ्यांची रांग सुरू झाली. मोटारसायकलवरची तीन-तीन पोरं. एकाने ओरडून सांगितलं, "काका, गड तिकडे आहे!"

नांदेड सिटी मागे पडली आणि चालू खातं संपलं.

हे नेमकं कसं असतं ते सांगायचा प्रयत्न करतो. दुखत नाही, म्हणजे दुखत असतं, पण ते आधीपासूनच. वेगळं हे होतं की पायांना निरोप पोचत नाही. मी पळतोय असं मला वाटत होतं आणि एक दूधवाला चालत मला मागे टाकून गेला. डोळ्यांत विनाकारण पाणी. तोंडाला चव नाही, गुळाचा खडा मातीसारखा. आणि डोकं अचानक फार शहाणं होतं. ते सांगायला लागतं की तू इथवर आलास हेच खूप, बत्तीस तर तू नोव्हेंबरमध्येही पळाला होतास, सिद्ध काय करायचंय, कुणाला. सगळे मुद्दे बिनतोड. वकील आपलाच, समोरचा वकील गैरहजर.

धायरी फाट्याजवळ एक मावशी दुकानापुढे सडा टाकत होत्या. माझ्याकडे बघून त्यांचा हात थांबला. "अहो दादा, बसा घडीभर. पाणी देते. एवढा जीवाला त्रास कशाला करून घेताय?" इतक्या मायेने म्हणाल्या की माझे पाय तिथेच थांबले. पाच महिन्यांत इतकं गोड कुणीच बोललं नव्हतं. ओटा होता, त्यावर ऊन आलेलं. तेव्हा मला कळलं की ग्रुपवर एकानेही 'अरेरे' म्हटलं नाही ते किती बरं झालं. एखाद्याने जरी म्हटलं असतं तरी मी डिसेंबरातच असा ओट्यावर बसलो असतो.

डब्याची स्कूटर पुढे गेलेली. मास्तर सायकलवरून एक पाय टेकून उभा. म्हणाला, "बस. बसायला माझी हरकत नाही. तेवढ्यात पीएमटी येईल, ती थेट स्वारगेटला सोडते. सुटे आहेत ना?"

माझ्या चड्डीच्या खिशात अर्धा खजूर आणि कागदी चिकटपट्टीचं रीळ होतं.

"तू दे," मी म्हणालो.

"मी गणिताच्या मास्तरकीवर जगतो," तो म्हणाला आणि पेडल मारलं.

मी चौतिसाव्या किलोमीटरला पुन्हा पळायला लागलो, त्यामागे जिद्द वगैरे काही नव्हती. बसभाड्याला पैसे नव्हते. मावशींना हात जोडले, त्यांनी ओंजळीत पाणी घातलं, ते तोंडावर मारलं आणि निघालो.

पुढे मास्तरने चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं असं सुरू केलं. चार मिनिटं झाली की तो घंटी वाजवायचा. चालायच्या मिनिटात सतराचा पाढा विचारायचा, आणि मी चुकलो तर मिनिट संपलं. सतरा सक्कं मला अजून एकशे दोनच येतं की काय याची खात्री वाटत नाही. पण पाढ्यात अडकलेलं डोकं त्या शहाण्या वकिलाकडे लक्ष देत नाही, हे त्याला वर्गातल्या पोरांमुळे माहीत असावं.

राजाराम पुलापाशी सीए गाडीतून उतरला. वही मिटली, गाडी बाजूला लावली आणि ऑफिसचे बूट घालून माझ्याबरोबर चालायला लागला. मी पळत होतो, तो चालत होता, आणि आमचा वेग एक होता. काही बोलला नाही. शंभरेक मीटरनंतर त्याला धाप लागली. "जा तू," म्हणाला, "मला अजून टोटल मारायचीय."

दांडेकर पूल. ज्याच्या अलीकडे जुलैत थांबलो होतो तो. तिथे डब्या स्कूटर स्टँडला लावून रस्त्यात उभा होता, दोन्ही हात पसरून, वाहतूक अडवल्यासारखा. "आला का रे दांडेकर पूल?" एवढंच ओरडला. मला हसायला आलं आणि हसल्यामुळे कुशीत पेटका आला. शेवटचा किलोमीटर मी एक हात बरगडीवर दाबून, अर्धा वाकून, हसत काढला. सारसबागेपाशी फिरून आलेली माणसं बघत होती. त्यांना वाटलं असेल, आजारी आहे.

फाटकाशी मशीनमन आणि माझी बायको फीत धरून उभे होते. फीत म्हणजे कटिंग मशीनखाली निघालेल्या कागदाच्या लांब पट्ट्या, एकाला एक चिकटवलेल्या. बायको पहाटे यायला तयार नव्हती. म्हणाली होती, पडलास तर बघायला मी नको, पोचलास तर येते. मास्तरने फाटकाच्या आधी फोन केलेला दिसतो. पाच तास एक्केचाळीस मिनिटं. फीत छातीला लागून तुटली तेव्हा वाचता येत होतं, पट्ट्या रद्द झालेल्या मार्च महिन्याच्या होत्या.

मी फुटपाथवर बसलो. डॉक्टरने नाडी बघितली, डोळे बघितले, नाव विचारलं, आजचा वार विचारला. मग मार्चचे दिवस किती विचारले. एकतीस म्हटल्यावर बाटली हातात दिली.

नंतर सीएने पिशवीतून प्रशस्तिपत्र काढलं. आडवं, चारी बाजूंनी वेलबुट्टी, आमच्याकडे शाळांची छापतो तसं. मजकूर त्यानेच लिहिलेला, कारण हिशेब त्याच्याकडे. उभं राहून मोठ्याने वाचायला लागला : "प्रमाणित करण्यात येते की यांनी दिनांक अमुक रोजी ४२.१५९ किलोमीटर अंतर..."

"एकशे पंच्याण्णव," मी खालून म्हणालो.

"काय?"

"आकडे उलटे पडलेत. ४२.१९५ हवं."

त्याने कागद डोळ्यांजवळ धरला. मास्तरने मान वाकडी करून बघितलं आणि तोंडीच वजाबाकी केली. "छत्तीस मीटरचा फरक." डब्या म्हणाला, छत्तीसचाच आकडा असणार, दुसरं काय. प्रूफ कुणी बघितलं यावरून मग चौघांत जुंपली. प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव घेतलं. मशीनमन आकाशाकडे बघत होता.

मी हात पुढे केला, सीएच्या खिशातलं बॉलपेन मागून घेतलं आणि मांडीवर कागद ठेवून ५ आणि ९ च्या भोवती अदलाबदलीची खूण केली. हात थरथरत होता, रेघ वेडीवाकडी आली. समासात लिहिलं, 'दुरुस्त करून दुसरं प्रूफ दाखवणे', आणि खाली सही केली.

दुसरं प्रूफ अजून आलेलं नाही. छापखान्यात कटिंग मशीनच्या वर तोच कागद लावलाय.